चांद्याची हिराई

महाशिवरात्रीला मार्कंड्याची वाट माणसांनी फुलून जाते. चामोर्शी तालुक्यातल्या या गावापाशी वैनगंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहू लागते, त्यामुळे इथल्या स्नानाचं पुण्य मोठं मानतात. नदीकाठच्या मंदिरसमूहाला 'विदर्भाचं खजुराहो' म्हणायची पद्धत पडली आहे. मला ते फारसं रुचत नाही. मार्कंडेश्वराच्या भिंतीवरच्या सुरसुंदरींना मध्य प्रदेशातून ओळखपत्र आणायची गरज नाही. या मुख्य मंदिरावर पूर्वी कधीतरी वीज पडली, शिखर ढासळलं, आणि पुढे एका गोंड राजानं त्याची डागडुजी केली, असं जुन्या नोंदी सांगतात. अलीकडेही शिखराच्या दुरुस्तीचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, तेव्हा लोकांना त्या राजाची आठवण झाली असेल तर नवल नाही.

दुसऱ्यांनी बांधलेलं देऊळ आपलं मानून सांभाळायचं, ही चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजघराण्याची रीत. १९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख चांद्याचाच. या घराण्यात बांधकामाच्या बाबतीत सर्वांत ठळक नाव आहे ते एका बाईचं : राणी हिराई.

हिराई ही राजा बीरशहाची पत्नी. बीरशहाची कारकीर्द संपली ती विश्वासघातानं. पदरी असलेल्या हिरामण नावाच्या राजपुतानं त्याला ठार मारलं. हे साधारण १७०४ सालचं. राजाला मुलगा नव्हता. हिराईनं चंदनखेड्याच्या भाऊबंदांतून रामशहाला दत्तक घेतलं, गादीवर बसवलं आणि तो कर्ता होईपर्यंत कारभार स्वतः पाहिला. रामशहाकडे सूत्रं गेली ती १७१९च्या सुमारास. म्हणजे जवळजवळ पंधरा वर्षं.

ती पंधरा वर्षं कसली होती, हे बघितल्याशिवाय या बाईची उंची कळत नाही. उत्तरेला देवगडचं गोंड राज्य. तिथल्या राजाशी बीरशहाचं हाडवैर होतं. मुलीच्या सासरी तिचा अपमान झाला म्हणून बीरशहानं देवगडवर चाल केली, जावयाचं शिर आणून महाकालीला वाहिलं, अशी आख्यायिका आजही सांगतात. १७०७ला औरंगजेब वारला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, आणि दख्खनेत कोण कुणाला खंडणी देणार याचा हिशेबच बदलला. वऱ्हाडाकडून मराठी फौजांचं येणंजाणं वाढलं. अशा वेळी नवरा मारला गेलेला, वारस पोरसवदा, आणि घरात भाऊबंदकीला वाव. राज्य बुडायला आणखी काय लागतं? पण चांद्याचं राज्य बुडालं नाही. नागपूरकर भोसल्यांनी ते गिळलं ते १७५१मध्ये, रामशहाचा मुलगा नीलकंठशहाच्या वेळी.

हिराईचं काम आज बघायचं तर चैत्रात चंद्रपूरला जावं. महाकालीच्या यात्रेला नांदेड, परभणी, हिंगोलीकडून, तेलंगणातून माणसं येतात. झरपट नदीत अंघोळ, मग दर्शन. पोतराजाचा आसूड कडाडतो, हलगी वाजत राहते. देवीच्या दोन मूर्ती आहेत. एक उभी, आणि दुसरी निजलेली, जमिनीच्या पातळीखाली. तिच्यापाशी जायला बोगद्यासारख्या वाटेनं वाकून उतरावं लागतं. देवस्थान जुनं, पण मंदिराचं आजचं रूप हिराईनं दिलेलं. एकवीरेचं मंदिरही तिच्याच नावावर सांगतात, आणि अंचलेश्वराचा जीर्णोद्धारही तिचाच.

त्या अंचलेश्वराच्या आवारातच, किल्ल्याच्या अंचलेश्वर दरवाजालगत, गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांत बीरशहाची सर्वांत भव्य. दगडी बांधणी, कमानी, वर घुमट. आसपासच्या समाध्या तिच्यापुढे ठेंगण्या वाटतात. ही हिराईनं बांधवली. बादशहानं बेगमेसाठी बांधलेला ताजमहाल जगाला ठाऊक. इथं राणीनं राजासाठी बांधलं. तेव्हा 'चांद्याचा ताजमहाल' हे शब्द कुणाच्याही तोंडी सहज येतात. पर्यटक आणायला ते बरेही आहेत.

माझी तक्रार एवढीच, की या प्रेमकथेत राणी हरवते. मारल्या गेलेल्या राजाची एवढी मोठी समाधी, आणि त्याच वेळी गादीवर दत्तक मुलगा : यात शोक असेल, तसा राजकारणाचा हिशेबही असणार. ही गादी कुणाची, वारसा कुणाकडून आला, हे येणाऱ्याजाणाऱ्याला दगडातून दिसलं पाहिजे. महाकालीचं देऊळही तसंच. रयत जिथं जमते तिथं राजसत्तेनं उभं राहायचं, हे तिला पक्कं कळलेलं होतं.

तसं बघितलं तर चांद्याचा जन्मच एका राणीच्या सल्ल्यानं झाला, असं लोककथा मानते. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावरचे फोड झरपटीच्या पाण्यानं बरे झाले, ते राणीच्या ध्यानात आलं. पुढे कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा कुत्र्याचा पाठलाग करताना राजानं पाहिला, तेव्हा 'इथंच तटबंदीचं शहर वसवा' असं तिनंच सुचवलं. सशाचं कोण खरं मानील? पण राजाच्या कथेत शहाणपण राणीच्या पदरात घालावं, असं सांगणाऱ्यांना वाटलं, ते मला महत्त्वाचं वाटतं. बाईवर भरवसा टाकल्याचं त्या मानानं अलीकडचं उदाहरण द्यायचं तर, चांद्याचे मा. सां. कन्नमवार महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असतानाच नोव्हेंबर १९६३मध्ये गेले. पुढच्याच वर्षी पोटनिवडणुकीत चांद्यानं त्यांच्या पत्नी ताई कन्नमवारांना लोकसभेवर पाठवलं.

जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर, या चार दरवाजांचा चांद्याचा परकोट अनेक वर्षं झाडाझुडपांनी आणि कचऱ्यानं बुजत चालला होता. १ मार्च २०१७ला इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी तो साफ करायला घेतला. रोज सकाळी फावडी, घमेली घेऊन पोरं बुरुजावर. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांचा उल्लेख केला. तट मोकळा झाल्यावर वारसा-फेऱ्या निघू लागल्या, आणि राजांच्या समाध्या दाखवताना हिराईचं नाव सांगितलं जाऊ लागलं. आता शाळकरी मुलांची फेरी तिथं गेली, की गुरुजींनी समाधी कुणाची हे सांगून लगेच विचारावं : बीरशहानंतर पंधरा वर्षं सारा कोण गोळा करत होतं, फौजेचा पगार कोण देत होतं आणि देवळाच्या गवंड्याची मजुरी कुणाच्या शिक्क्यानं निघत होती?