शेजारच्या खाटेवरचा माणूस

परभणी जिल्ह्यात एखाद्याला तोंडाचा कॅन्सर निघाला, की घरच्यांपुढे बहुधा दोन रस्ते असतात. एक छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयाचा. दुसरा देवगिरी किंवा नंदिग्राम एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून थेट परळच्या टाटा हॉस्पिटलचा. फाईल होते, तपासण्या होतात, सरकारी योजनेची कागदं जमतात आणि ऑपरेशनची तारीख पडते. मग डॉक्टर सांगतात, जबड्याचं हाड काढावं लागेल आणि त्या जागी पायातलं, नडगीच्या बाजूचं बारीक हाड बसवू.

पायाचं हाड तोंडात! न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो या सर्जननी 1989 मध्ये मांडलेली ही पद्धत आज जगभर वापरली जाते. अंगाचा भार नडगीचं मोठं हाड पेलतं, म्हणून हे बारीक हाड काढलं तरी माणूस चालू शकतो. हे सगळं खरं. पण जिंतूरकडच्या शेतकऱ्याला ते ऐकून पटायचं कसं? त्याला दिसतो तो फक्त उभा राहू न शकणारा आपला पाय.

अशा वेळी शेजारच्या खाटेवरचा माणूस उठतो. नाकात नळी, गळ्यात नळी, तोंडातून शब्द निघत नाही. तो पायजमा वर करून पायावरची टाक्यांची लांब रेघ दाखवतो आणि वॉर्डात हळूहळू एक फेरी मारून येतो. डॉक्टरांच्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने जे झालं नव्हतं ते त्या एका फेरीने होतं.

याचा परिणाम मनापुरताच राहत नाही, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. अमेरिकेत जेम्स कुलिक आणि हाइके माहलर यांनी हृदयाच्या बायपास ऑपरेशनची वाट पाहणारे रुग्ण अभ्यासले. ऑपरेशन होऊन गेलेला माणूस ज्यांच्या खोलीत होता, त्यांची आधीची धास्ती कमी होती. ऑपरेशननंतर ते जास्त हिंडूफिरू लागले आणि घरीही लवकर गेले. हा अभ्यास 1987 चा. पुढे 1996 मध्ये त्यांनीच 84 रुग्ण पाहिले, तेव्हा खोलीत एकट्याने राहिलेल्यांची सुधारणा साधारणपणे सर्वांत सावकाश झालेली दिसली. रुग्ण हृदयाचे होते, कॅन्सरचे नव्हेत. पण मोठ्या ऑपरेशनआधीची भीती दोन्हीकडे असतेच.

हे घडतं कसं? डॉक्टर काय करणार ते सांगतात. त्यातून गेलेला माणूस ते कसं लागतं हे सांगतो. शुद्धीवर आल्यावर बोलायला जावं तर आवाजच फुटत नाही, तेव्हा पुष्कळांना वाटतं, वाचा कायमची गेली. खरं तर गळ्यातल्या नळीमुळे श्वास स्वरयंत्राच्या खालूनच बाहेर पडतो, म्हणून आवाज उमटत नाही. स्वरयंत्र शाबूत असेल तर नळी निघाल्यावर आवाज परत येतो. ‘मलाबी असंच झालतं, भेऊ नका,’ एवढं कुणी आधी सांगितलेलं असलं, तर त्या क्षणी माणूस घाबरून जात नाही.

मुंबईत ही माया रुजलेली आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाचे रुग्ण आणि नातेवाईक एकत्र राहतात. स्वतः कॅन्सरमधून उठलेल्या वंदना गुप्ता यांनी 1994 मध्ये कॅन्सरच्या रुग्णांसाठी ‘व्ही केअर’ ही संस्था काढली. त्याच्याही आधी, 1952 मध्ये, टेरेस लॅसर ही अमेरिकन बाई आपलं स्तनाचं ऑपरेशन झाल्यावर तशाच इतर बायकांना भेटायला इस्पितळांत जाऊ लागली होती.

मात्र एकाची गाठ दुसऱ्यासारखी नसते. शेजाऱ्याकडून धीर घ्यावा. औषध, पथ्य आणि ‘किती दिवस उरलेत’ याचा हिशोब घेऊ नये. ते सगळं डॉक्टरांनाच विचारावं.

म्हणून तारीख पडली, की डॉक्टरांना किंवा समाजसेवा अधीक्षकांना मोकळेपणाने विचारा: हेच ऑपरेशन झालेलं कुणी भेटेल का? आणि सेलू, पाथरी, गंगाखेड, पूर्णेहून फेरतपासणीला जाणाऱ्या बऱ्या झालेल्या भावांनो, मायबहिणींनो, परतीची गाडी धरण्याआधी अर्धा तास काढा. सिस्टरांची परवानगी घ्या आणि उद्या ज्याचं ऑपरेशन आहे त्याच्याजवळ जाऊन बसा.