खेळातील चूक आणि ती सुधारण्याचा अधिकार

सुट्टीत आम्ही काही माजी विद्यार्थी शाळेच्या संगणक कक्षात मुलांना शिकवायला जातो, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, यात गेम आहे का?" आम्ही म्हणतो, "आहे. पण खेळताना त्यात चूक सापडली, तर ती दुरुस्त कोण करणार?" मुले एकमेकांकडे पाहू लागतात. गेम बनवणारे लोक कोठेतरी दूर असतात आणि आपण केवळ खेळायचे असते, अशीच त्यांची समजूत असते. पालकांचीही समजूत बहुधा याहून वेगळी नसते. ती सर्वस्वी खरी नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

संगणकाला काय करायचे ते सांगणाऱ्या लिखित सूचनांना कोड म्हणतात. बाजारात विकल्या जाणाऱ्या बहुतेक गेमचा कोड कंपनीच्या कुलपात असतो. मुक्तस्रोत गेमचा कोड मात्र सर्वांसाठी खुला असतो. तो वाचण्याचा, वापरण्याचा, बदलण्याचा आणि इतरांना देण्याचा अधिकार परवान्यानेच दिलेला असतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हापासून या विचाराला संघटित रूप आले. यात लेखकाचा स्वामित्वहक्क नष्ट होत नाही. त्याच हक्काच्या बळावर तो इतरांना हे स्वातंत्र्य देतो.

उदाहरणादाखल 'लुआंटी' हा प्रकल्प घेऊ. फिनलंडमधील पेर्टू आहोला यांनी २०१० मध्ये तो सुरू केला. त्याचे मूळ नाव 'माइनटेस्ट'. २०२४ मध्ये तो 'लुआंटी' झाला. फिनिश भाषेत 'लुओन्ती' म्हणजे निर्मिती. या शब्दात 'लुआ' या संगणकीय भाषेचे नाव मिसळून नवे नाव घडले. ही लुआ भाषा १९९३ मध्ये ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील विद्यापीठात जन्मली. लुआंटी हा एक गेम नसून ठोकळ्यांच्या जगात चालणारे अनेक गेम ज्यावर उभे राहतात असे इंजिन आहे. इंजिनाचा गाभा सी प्लस प्लस भाषेत लिहिलेला आहे, तर त्यावरचे गेम लुआ भाषेत लिहिले जातात. फिनलंडमध्ये सुरू झालेल्या आणि ब्राझीलची भाषा वापरणाऱ्या या कामात आपल्या वसतिगृहातील मुलगीही हात घालू शकते. ते कसे, ते पाहू.

समजा, एखाद्या गेममध्ये दार एकदाच उघडले तरी आवाज दोनदा येतो. प्रथम हीच चूक आधी कोणी नोंदवली आहे का, ते शोधावे. नसल्यास नोंद करावी : गेमची आवृत्ती कोणती, काय केले असता चूक दिसते, काय घडायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय घडले. वाचणाऱ्याला तीच चूक स्वतःच्या संगणकावर पाहता आली, तर नोंद चांगली झाली असे समजावे.

त्यानंतर कोडची आपली स्वतंत्र प्रत घ्यावी. यासाठी 'गिट' हे साधन वापरतात. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये तयार केले. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली याची वही ते ठेवते. आपल्या प्रतीत एक नवी शाखा काढून तेथे दुरुस्ती करावी. मूळ कोडला धक्का लागत नसल्याने भीती बाळगण्याचे कारण नाही. बदल का केला, हे थोडक्यात लिहावे आणि तो मूळ प्रकल्पाकडे प्रस्ताव म्हणून पाठवावा. या प्रस्तावाला 'पुल रिक्वेस्ट' म्हणतात.

प्रस्ताव पोहोचला की अनेक प्रकल्पांत आधी यंत्र त्याची तपासणी करते : कोड चालतो का, दुसरे काही मोडले तर नाही ना. मग माणसे तो वाचतात. लुआंटीच्या इंजिनात किरकोळ नसलेला बदल स्वीकारण्यासाठी साधारणतः दोन मुख्य विकासकांची संमती लागते. ते शंका विचारतात, ओळी बदलायला सांगतात, कधी नकारही देतात. स्वीकारलेला कोड पुढे वर्षानुवर्षे त्यांनाच सांभाळायचा असतो. म्हणून ही कठोरता आवश्यक आहे.

येथे आमचा एक अनुभव सांगणे योग्य होईल. आमच्यापैकी एकाने एका प्रकल्पाला पहिला प्रस्ताव पाठवला आणि तो परत आला. नकार आमच्या घरांना नवा नाही. त्यामुळे मनात उठलेली पहिली शंका कोडविषयी नव्हती. आपले नाव, आपले गाव, आपले तोडकेमोडके इंग्रजी आडवे आले, असेच वाटले. दोन महिने त्याने ते पान उघडले नाही. अखेर सर्वांनी मिळून परीक्षकाचे उत्तर शांतपणे वाचले. एका चुकीच्या दुरुस्तीबरोबर आमच्या मित्राने इतर तीस-चाळीस ओळींची मांडणीही विनाकारण बदलली होती. त्यामुळे खरा बदल कोणता, हेच वाचणाऱ्याला कळत नव्हते. कारण स्पष्ट लिहिलेले होते आणि ते बरोबर होते. त्याने केवळ चार ओळींचा नवा प्रस्ताव पाठवला. तो स्वीकारला गेला.

म्हणून मुलांना आम्ही प्रथम दोन गोष्टी शिकवतो : एका प्रस्तावात एकच बदल करावा, आणि नकार आला तर त्याचे कारण वाचावे. कारण दिले नसेल तर ते नम्रपणे विचारावे. विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

मात्र हे दार सर्वांना सारखेच उघडे आहे, असे आम्ही म्हणणार नाही. चर्चा बहुतांशी इंग्रजीत होते. संगणक, वीज, इंटरनेट आणि मोकळा वेळ लागतो. हे काम बहुधा विनामोबदला असते, त्यामुळे घरच्या कमाईची निकड असलेल्या मुलाला ते परवडेलच असे नाही. पण येथे प्रवेश शुल्क नाही, पदवीचा दाखला मागितला जात नाही, आणि केलेले काम नावानिशी, तारखेनिशी सर्वांसमोर राहते. पुढे नोकरीच्या मुलाखतीत ते दाखवता येते.

प्रोग्रामिंग न येणाऱ्यांनाही येथे काम आहे. चुका शोधणे, माहितीपत्रके सुधारणे, गेममधील वाक्ये मराठीत आणणे, ही सारी योगदानेच आहेत. 'इन्व्हेंटरी'ला शिदोरी म्हणावे की सामान, यावर आमच्या मुलांनी एक अख्खी दुपार वाद घातला होता. भाषेचा इतका रंगलेला तास आम्ही क्वचितच पाहिला.

पालकांना एवढीच विनंती : मूल संगणकापुढे बसलेले दिसले, तर "किती वेळ खेळतोस?" या प्रश्नाआधी "यात काय चुकलेले दिसले?" असे एकदा विचारून पाहा. आणि ज्या माजी विद्यार्थ्यांना हे काम येते, त्यांनी सुट्टीतला एक दिवस संगणक कक्षासाठी राखून ठेवावा. परत आलेला पहिला प्रस्ताव वाचताना मुलाजवळ कोणीतरी बसलेले असावे लागते.