डोळ्यांपुढे ढग, भरवसा काट्यांवर

एक सोपा प्रयोग. कॉम्प्युटर लॅबमधल्या फिरत्या खुर्चीवर रूम-पार्टनरला डोळे मिटून बसवा आणि एकाच वेगाने गोल फिरवत राहा. पंधरा-वीस सेकंदांनी तो विचारेल, "थांबलास का रे?" आता खुर्ची खरोखर थांबवा. पठ्ठ्या छातीठोकपणे सांगेल की आपण उलटे फिरतोय!

असं का होतं? आपल्या कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नलिका असतात. फिरणं सुरू झालं की त्यांतला द्रव मागे राहतो आणि मेंदूला खबर मिळते. पण गती एकसारखी राहिली की द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो. मेंदूला वाटतं, सगळं स्थिर आहे. जमिनीवर डोळे ही चूक सुधारतात. ढगात शिरलेल्या पायलटला मात्र क्षितिजच दिसत नाही. मग आधार उपकरणांचाच. 1929 साली अमेरिकेत जेम्स डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून, फक्त उपकरणं पाहून, विमान उडवून परत उतरवून दाखवलं होतं.

यासाठी तीन गोष्टी शिकाव्या लागतात.

पहिली, नजर फिरती ठेवणं. मधोमध कृत्रिम क्षितिज. तिथून वेग, उंची, दिशा, वळण, चढ-उतार यांवर नजर टाकायची आणि परत मध्ये यायचं. एकाच काट्याकडे टक लावली की बाकीचे हातातून निसटलेच म्हणून समजा.

दुसरी, अर्थ लावणं. कृत्रिम क्षितिज सरळ आहे, पण दिशा बदलतेय? मग कुठेतरी गफलत आहे.

तिसरी, विमान सावरणं. आधी कल आणि इंजिनाची ताकद ठरवायची, मग ट्रिम. हात हलका हवा, झटके नकोत.

"उपकरणांवर विश्वास ठेवा" एवढं सांगून भागतं का? नाही. 1 जानेवारी 1978 च्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे बोइंग 747 मुंबईहून दुबईला निघालं. समुद्रावर आल्यावर ते थोडं उजवीकडे वळलं आणि पुन्हा सरळ झालं. पण कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज बिघडलं होतं. ते उजवा कल दाखवतच राहिलं. तो काढण्यासाठी कॅप्टननी विमान डावीकडे झुकवलं, झुकवतच नेलं. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश. बाहेर पाहून चूक कळायला मार्ग नव्हता. को-पायलटसमोर दुसरं कृत्रिम क्षितिज होतं, शिवाय एक राखीवही होतं. पण पडताळून पाहायला सवड होती काही सेकंदांचीच. वांद्र्याजवळच्या समुद्रात विमान कोसळलं. 213 जण गेले.

म्हणजे शरीरावर भरवसा नको, आणि एकट्या काट्यावरही नको. तीन काटे एकच गोष्ट सांगतील तेव्हा खरं मानायचं. प्रॅक्टिकलला सर तीन-तीन रीडिंग घ्यायला लावतात तेव्हा आपण कुरकुरतो. पुढच्या वेळी जर्नलमध्ये तिसरं रीडिंग 'अंदाजे' भरताना ही रात्र आठवा.