हिरडीखालचे हाड

दात हलू लागला की आपण दाताला दोष देतो. वास्तविक झिजलेले असते ते त्याला धरून ठेवणारे जबड्याचे हाड. पायोरियात कीट आणि जंतू यांमुळे हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि आतले हाड नकळत विरत जाते. ते पुन्हा भरून येईल काय?

बेंगळुरूच्या शासकीय दंत महाविद्यालयात सफाईनंतर हिरडीच्या पोकळीत अ‍ॅलेंड्रोनेट हे हाडाची झीज रोखणारे औषध भरून पाहण्यात आले. मिशिगन विद्यापीठाने हॉर्मोनचा मार्ग धरला. गळ्यातील परावटू ग्रंथींचा स्राव सतत वाढलेला राहिला तर हाडे पोखरतो. तोच अल्प मात्रेने, दिवसातून एकदा दिला तर हाड बांधतो! २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४० रुग्णांवर हिरडीची शस्त्रक्रिया झाली. त्यांपैकी काहींना सहा आठवडे रोज २० मायक्रोग्रॅम टेरिपॅराटाइड देण्यात आले. वर्षअखेर त्यांचे हाड सरासरी २९ टक्के भरून आले. इतरांचे अवघे ३ टक्के.

तथापि हा उपचार अद्याप नित्याचा झालेला नाही. आणि सफाई कोणालाच चुकली नव्हती. नांगरटीवाचून खत वाया जाते. म्हणून श्रोतेहो, घासताना रक्त दिसले की तेव्हाच दंतवैद्य गाठावा. दात हलण्याची वाट पाहू नये.