सडपातळ देह, साठलेला मेद आणि एक विकर

‘अंगाने इतके किडकिडीत, तरीही मधुमेह कसा?’ असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक आम्हांस अनेकदा विचारतात. त्याच्या उत्तराचा मोठा भाग पुण्यातच मिळाला आहे. येथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा देहभार निर्देशांक सारखाच, म्हणजे २२.३ होता. शरीरातील मेद मात्र डॉ. युडकिन यांचा ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांचा २१.२ टक्के भरला. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने ही तुलना प्रसिद्ध केली. वजनकाटा आपल्याला पुरेसे सांगत नाही, हा त्याचा अर्थ.

हा साठलेला मेद खर्ची कसा पडतो? आपण श्रम करतो तेव्हा स्नायूंतील एटीपी हे ऊर्जाद्रव्य खर्च होते व एएमपी वाढते. ही टंचाई ‘एएमपीके’ नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम, ओळखते. ते कायनेज वर्गातील आहे. एटीपीमधील फॉस्फेट गट काढून दुसऱ्या रेणूवर बसविणे हे या वर्गाचे कार्य. मेदाम्ले घडविणाऱ्या एका प्रमुख विकरावर एएमपीके हा गट बसविते आणि त्याचे काम मंदावते. परिणामी मॅलोनिल-कोए हा पदार्थ घटतो. त्याने अडविलेली वाट मोकळी होऊन मेदाम्ले पेशीतील तंतुकणिकांत शिरतात व तेथे त्यांचे ज्वलन होते.

मेटफॉर्मिन या औषधानेही हे विकर कार्यान्वित होते, असे २००१ मध्ये दिसून आले. तथापि औषधाचा सारा गुण त्यातूनच येतो असे नाही. म्हणून गोळी चालू असली तरी चालणे थांबवू नये.

आठवड्यास किमान १५० मिनिटे भरभर चालावे. पुरुषांची कंबर ९० सें.मी. व स्त्रियांची ८० सें.मी.च्या पुढे गेल्यास, वजन योग्य असले तरी, रक्तशर्करा तपासून घ्यावी. सडपातळ माणूस आपणहून तपासणीस येत नाही आणि आजार उशिरा उघड होतो. आमच्या देणगीदारांचे साहाय्य अशा तपासणीकडे वळावे, अशी आमची नम्र विनंती आहे.