गोराईच्या मातीतला पालाश

मुंबईचा पाषाण म्हटला की काळा बेसाल्टच डोळ्यांपुढे येतो. परंतु बोरिवलीपासून खाडीने तोडलेल्या गोराई-मनोरी-डोंगरी या पट्ट्यात दख्खनच्या ज्वालामुखीने आपल्या अखेरच्या पर्वात, सुमारे सव्वासहा कोटी वर्षांपूर्वी, जो फिकट ट्रॅकाइट व रायोलाइट ओतला, त्यात बेसाल्टच्या कित्येक पट पालाश (पोटॅशियम) आहे, आणि मौज अशी की त्या खडकाचे वयही पालाशाच्याच किरणोत्सारी अंशाचा आर्गॉन वायू किती झाला यावरून ठरविले गेले.

एवढी दौलत असूनही भाताच्या रोपास ती लाभेलच असे नाही. खडक झिजून जी चिकणमाती होते तीत मॉन्टमोरिलोनाइटसारखे खनिज पाण्याने फुगते व पालाश सहज सोडते. अभ्रकाच्या कुळातील इलाइट मात्र त्यास दोन थरांमधील ऑक्सिजनच्या षट्कोनी खळग्यांत घट्ट कोंडून ठेवते. मुळांनी भोवतालच्या ओलाव्यातला पालाश शोषून तो विरळ केला, म्हणजे इलाइटच्या कणाच्या कडा उसवू लागतात, पाण्याने वेढलेले कॅल्शियमचे आयन आत शिरतात, पालाश बाहेर पडतो, आणि मिलिमीटरच्या एक दशलक्षांश जाडीचा थर सुमारे ४० टक्क्यांनी फुगतो. उलट खत मुबलक पडले, तर त्यातला काही हिस्सा आतच अडकतो.

माती-परीक्षणात अमोनियम ॲसिटेटने जो पालाश मोजतात ती केवळ रोख शिल्लक. तळघरातील, म्हणजे इलाइटने कोंडलेल्या, खजिन्याची नोंद त्या दाखल्यात नसते. वर्षानुवर्षे पीक काढूनही आकडा हलत नाही म्हणून कास्तकार निर्धास्त राहतो, पण ती तूट खजिन्यातूनच भरून निघत असते.

खाजणात, म्हणजे बांध घालून भरती अडवलेल्या खाडीकाठच्या जमिनीत, प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ ग्रॅम सोडियम, तर पालाश जेमतेम ०.४ ग्रॅम. बांध फुटून ते पाणी शेतात शिरले की दाखल्यावर पालाश भरपूर दिसला तरी सोडियमच्या गर्दीत रोपाला तो पुरेसा घेता येत नाही. १९४८च्या मुंबई खार जमीन कायद्याने बांधांची सरकारी तजवीज झाली, आणि पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या भातजाती काढल्या.

कोकणपट्टीत राब, म्हणजे रोपांच्या जागेवर पसरलेला पालापाचोळा, भाजून राखेतला पालाश रोपांना देण्याची चाल जुनीच. भाताने उचललेल्या पालाशाचा मोठा भाग दाण्यात नव्हे, पेंढ्यात राहतो. तो गोठ्यातून शेणखताच्या वाटेने शेतात परतला तर हिशेब जुळतो, विकून तबेल्याच्या टेम्पोत भरला तर पोटॅशची गोणी विकत आणावी लागते, आणि त्या गोणीतला माल जवळजवळ सगळाच परदेशातून जहाजाने येतो.