सत्राची नोंद आणि तिची खूण
एकाच टॅबवरून अनेक शेतकऱ्यांची पोर्टलवर नोंदणी करणारा विस्तार कार्यकर्ता दर वेळी लॉगआउट करतो. त्या सत्राची नोंद मात्र डेटाबेसमधून तत्क्षणी नाहीशी होतेच असे नाही. कॅसांड्रासारख्या वितरित डेटाबेसमध्ये तिच्या प्रती अनेक सर्व्हरवर असतात. पुसताना एखादा सर्व्हर बंद असेल, तर परतल्यावर त्याच्याकडील जुनी प्रत पुन्हा इतरत्र पसरू शकते. म्हणून पुसलेल्या नोंदीच्या जागी ‘मृत’ अशी खूण ठेवली जाते. तिची मूळ मुदत ८,६४,००० सेकंद, म्हणजे १० दिवस. अर्ध्या तासाच्या सत्रासाठी ती अवाजवीच. खुणा साचल्या की वाचन मंदावते. नोंद लिहितानाच १,८०० सेकंदांची आयुर्मर्यादा दिली, तर उशिरा परतलेल्या सर्व्हरवरील प्रतही आपोआप बाद ठरते आणि खुणेची मुदत काही तासांवर आणता येते.